सतरा नंबरचा धोका

६ जानेवारी, सकाळी ७.१०
रोजनिशी मुद्दाम पाच दिवस उशिरा सुरू करतोय. एक तारखेला सुरू करणारे सोडून देतात. कंपनीचं नाव लिहिणार नाही. गोपनीयता. एकोणतीस देशांत ऑनलाइन माल विकते, आणि तिचं इथलं ऑफिस लोअर परळला बाबांच्या गिरणीच्या जागेवर उभं आहे, एवढं पुरे. बाबा त्या गिरणीत बदली होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत. मी चौदा वर्षं एसीत बसतोय.

९ जानेवारी
कंपनीला कुठून कुठून धोका आहे, त्याची यादी करायचं काम साहेबांनी मला दिलं. साहेब म्हणजे अभय. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, वरळीच्या बीडीडी चाळीतला, तोंडात अजून चाळीचेच शब्द. यादी सिंगापूरला, हेड ऑफिसला जाणार. अभय म्हणाला की बाकी सगळे बिझी आहेत. कौतुक करायची त्याची पद्धत आहे ती.

१४ जानेवारी
सोळा धोके झाले. नकली माल, सर्व्हर बंद पडणं, हॅकर, देशोदेशीचे कायदे, डॉलर, गोडाऊनला आग, एआय वगैरे. एवढी मोठी कंपनी, पण किती नाजूक.

दुपारी जेवताना लक्षात आलं, सर्वात मोठा राहिलाच. मी. गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या मालाचा हिशोब एक्केचाळीस शीटांच्या एक्सेलमध्ये आहे आणि तो माझ्याशिवाय कोणाला लागत नाही. तशीच बनवलीय ती. लिहिलं: ‘१७. सर्व माहिती एकाच माणसाच्या डोक्यात. माणूस: विनीत. तीव्रता: अतिगंभीर.’ उपायाचा रकाना रिकामा ठेवला. बढती हा शब्द आपल्याच हाताने लिहिणं बरं दिसत नाही.

२२ जानेवारी
सिंगापूरचं उत्तर. सोळा धोक्यांपुढे ‘नोंद घेतली’. सतराव्यापुढे ठळक अक्षरात ‘तातडीने’. सुचित्राला वाचून दाखवलं. तिने विचारलं, तातडीने काय? तिला कॉर्पोरेट भाषा कळत नाही. बायको माझी असली तरी परळला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते.

२९ जानेवारी
माझ्या हाताखाली माया नावाची मुलगी दिली. अँटॉप हिलहून येते, सर म्हणते, सगळं वहीत उतरवून घेते. आज अकरा शीट शिकवल्या. हाताखाली माणूस आला की वरची खुर्ची फार लांब नसते.

६ फेब्रुवारी, दुपारी ३.४०
कॉफी मशीनपाशी अभय एचआरशी फोनवर बोलत होता: ‘विनीतची बदली मिळाली. एक मार्चपासून.’

बदली. सिंगापूर. दुसरीकडे कुठे करणार? विचारणार नाही. वरच्या लोकांना सरप्राइज द्यायला आवडतं. संकल्प: आजपासून कढीभात चॉपस्टिकने.

७ फेब्रुवारी
चमच्याने.

९ फेब्रुवारी
सुचित्राला म्हटलं, राजीनामा देऊन टाक, २८ तारखेपर्यंत मोकळी हो. ती बराच वेळ मेथी निवडत राहिली. मग म्हणाली, बरं. चाळीत इतक्यात कोणाला सांगायचं नाही असं ठरलं. फक्त शेजारच्या दगडूकाकांना सांगितलं.

१६ फेब्रुवारी
चाळीच्या मंडळाने शाल-श्रीफळ दिलं. मी ‘जागतिक व्यापारातील धोके’ यावर पस्तीस मिनिटं बोललो. बाबा झोपले नाहीत.

घरी आल्यावर मात्र त्यांनी विचारलं, साहेब नेमकं काय बोलला? सांगितलं. मग विचारलं, हाताखाली नवीन आलंय ते बाप्या की बाईलमाणूस? म्हटलं, बाई. बाबा म्हणाले, ‘तुका बदली गावूक नाय, झिला. त्यांका तुझी बदली गावली.’ बदलीवाला बाप्या असता तर साहेब ‘बदली मिळाला’ म्हणाला असता, म्हणाले.

गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, म्हाताऱ्याच्या डोक्यातलं गेट काही बंद होत नाही. आमची कंपनी इंटरनॅशनल आहे.

१७ फेब्रुवारी
अभयला आडून विचारलं, सिंगापूरला उकडतं का? तो टेबलाकडे बघत म्हणाला की शुक्रवारी एचआरबरोबर बसू. भीती वाटली. खोटं कशाला लिहू, फार भीती वाटली.

२१ फेब्रुवारी
बाबांचं व्याकरण बरोबर होतं.

एचआरच्या बाई म्हणाल्या, सतरावा धोका फारच छान मांडला होता. सगळं एका माणसावर अवलंबून ठेवणं कंपनीला परवडत नाही. म्हणून माया. आणि आता ती तयार झाल्यावर दोघांची गरज नाही. अभय खिडकीबाहेर बघत होता. सुचित्राला आज सांगणार होतो, पण तिचं डोकं दुखत होतं.

२४ फेब्रुवारी
आज सांगणार होतो. पाहुणे आले.

२६ फेब्रुवारी
परवानंतर दोघंही घरी. बाबांच्या गोळ्या, घर, सगळं कसं होणार कळत नाही. तिची चांगली चाललेली नोकरी मी घालवली. सकाळी मोरीत नळ सोडून रडलो. दहा मिनिटांत पाणी गेलं, त्यामुळे आवरतं घ्यावं लागलं.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०
दुपारी माया वही घेऊन आली. यादीतला धोका सिस्टीममध्ये बंद कसा करायचा, तेवढं राहिलं होतं. डोळे भरले होते तिचे. म्हणाली, सर, मला खरंच माहीत नव्हतं. तिला म्हटलं, तुझी काय चूक, आणि बटण मीच दाबून दाखवलं. सतरा नंबर हिरवा झाला. बाकीचे सोळा अजून लाल आहेत.

घरी येऊन चपला काढायच्या आत सुचित्राला सगळं सांगून टाकलं. सिंगापूर नाही, नोकरी नाही, तुझीही घालवली. ती म्हणाली, म्हणजे सोमवारी डबा एकच. मला कळेना. मग तिने पर्समधून पाकीट काढून दाखवलं. राजीनाम्याचं. ९ तारखेपासून तिथेच होतं.

का नाही दिलास, विचारलं.

म्हणाली, तू दे म्हणालास म्हणून.