टाके घातलेलं पाकीट

हूरा, मनामा, बहरीन
१२ सप्टेंबर १९९५

चि. तस्नीम हिला अब्बांची दुआ.

आम्ही दोघं खुशाल आहोत. अम्मीने नेहमीप्रमाणे पाकिटाला हिरव्या दोऱ्याचे टाके घातले आहेत. इथल्या दमट हवेत गोंद टिकत नाही, हे तिचं जुनं म्हणणं. शिकागोचा पोस्टमन हसत असेल तर हसू दे. वकिली शिकतेस, तेव्हा अम्मीच्या बाजूने तूच त्याच्याशी भांड.

एक काम आहे. खालच्या मजल्यावरच्या खदिजाचा नवरा, तुला सायकल शिकवणारा मास्तर, आठवतो ना? कुठल्याशा निवेदनावर सही केली म्हणून तेवीस दिवसांपूर्वी माणसं येऊन त्याला घेऊन गेली. कागद दाखवला नाही, कुठे ठेवलंय तेही सांगत नाहीत. खदिजा रोज कपड्यांची पिशवी घेऊन जाते आणि तशीच परत आणते. तिला इंग्रजीत अर्ज हवा आहे. टाइप मी करतो, वजनदार शब्द तू पाठव. अम्मी म्हणते, आपण व्हिसावरची माणसं, आपण यात पडू नये. मी म्हटलं, टायपिस्टाला कोण विचारतो?

डिसेंबरात येतेस ना? अम्मी दिवस मोजते. मी मोजत नाही असं दाखवतो.

लोभ आहेच, तो पत्रांतून दिसत राहो.
तुझा अब्बा,
हारून


शिकागो
२९ सप्टेंबर १९९५

ती. अब्बांना तस्नीमचा सलाम. वि. वि.

टाके शाबूत पोचले. अम्मीला सांगा, परवाच राज्यघटनेच्या तासाला तिची आठवण झाली. इथल्या सर्वोच्च न्यायालयाने शंभरावर वर्षांपूर्वी ठरवलंय की बंद पाकीट म्हणजे जणू माणसाचं घरच. वॉरंटशिवाय सरकारलाही ते उघडता येत नाही. माझ्या वर्गातली काळी मैत्रीण मात्र म्हणाली की कागदावरचे हक्क तिच्या आजीपर्यंत पोचायला फार वर्षं लागली.

मास्तरांचं वाचून संताप आला. सोबत एक परिच्छेद पाठवते आहे. पकडलेल्या माणसाला कारण सांगायला हवं, वकील द्यायला हवा, न्यायाधीशापुढे उभं करायला हवं, असं त्यात आहे. तसाच्या तसा टाइप करा, एक शब्दही मऊ करू नका.

डिसेंबरात येणारच. अम्मीला म्हणावं, सुक्या बोंबलांची चटणी तयार ठेव.

दोघांची माया अशीच राहू द्या.
आपली तस्नीम


हूरा
६ नोव्हेंबर १९९५

चि. तस्नीमला अम्मीची दुआ.

आपल्या गावाकडची महमुदा सुट्टीवर मंडणगडला चालली आहे. तिच्या हाती हे देते, ती मुंबईहून टपालात टाकील. इथल्या टपालावर माझा भरवसा उरला नाही.

अर्ज दिल्यापासून पाचव्या दिवशी दोन माणसं अब्बांच्या ऑफिसात आली. हे शब्द तुला कोणी शिकवले, एवढंच विचारत होती म्हणे. अब्बांनी सांगितलं, माझे मीच लिहिले. संध्याकाळी घरी आली आणि तुझी सगळी पत्रं पिशवीत भरून नेली. तुझा परिच्छेद पिठाच्या डब्यात होता, तोही त्यांना सापडला. मग अब्बांनाही नेलं. आज सोळा दिवस झाले. खदिजा आणि मी आता दोघी पिशव्या घेऊन जातो, आणि दोघी परत आणतो.

तुझ्यावर माझा राग नाही बेटा. मला भीती वाटते, फार भीती वाटते. एक ऐक. ज्या पाकिटाला माझे हिरवे टाके नसतील, त्यातलं अक्षर अब्बांचं असलं तरी त्यात लिहिल्याप्रमाणे वागू नको.

तू तिथेच राहा, हीच माझी माया समज.
तुझी अम्मी,
मसूदा


बहरीन
२० नोव्हेंबर १९९५

चि. तस्नीम हिला अनेक दुआ.

मी खुशाल आहे. जेवण वेळेवर मिळतं. अक्षर वाकडं आलंय ते चालवून घे, टाइपरायटर जवळ नाही. अर्ज करण्यात माझी चूक झाली, तसं मी लिहूनही दिलं आहे.

तू डिसेंबरात ठरल्याप्रमाणे ये. व्हिसाची सगळी व्यवस्था झाली आहे. विमानतळावर तुला घ्यायला माणसं येतील, त्यांच्याकडे तुझा फोटो आहे. येताना कॉलेजची पुस्तकं आणि वह्या सोबत आण, त्याबद्दल इथे सारखं विचारतात.

पाकिटाला टाके नाहीत म्हणून पोस्टमनला हसायला मिळणार नाही. मी स्वतःच चिकटवलं. इथला गोंद चांगला आहे, सुटत नाही.

अब्बांवरचा लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा अब्बा,
हारून