लघवी किती झाली

आबा,

दहा दिवसांपूर्वी मी वॉर्डात एका डॉक्टरवर ओरडले. सगळ्यांसमोर, नातेवाइकांसमोर, हातातली फाइल टेबलावर आपटून. सव्वीस वर्षं नोकरी झाली, डॉक्टरांपुढे कधी आवाज चढवला नव्हता. मेट्रनबाईंनी बोलावून समज दिली. मी मुकाट ऐकून घेतलं, माफी मात्र मागितली नाही. हा हट्ट माझ्यात तुमच्याकडूनच आलाय, म्हणून तुम्हालाच सांगायला बसलेय.

झालं असं. आष्ट्याकडचा एक फौजी पोरगा आसामातून सुट्टीवर आला होता. घरी येऊन तीन दिवस झाले नाहीत तोच हुडहुडी भरून ताप. गावच्या डॉक्टरने तापाच्या गोळ्या आणि अंगदुखीची इंजेक्शनं दिली, मग सांगलीला आमच्याकडे पाठवला. रक्तात मलेरिया निघाला, तोही वाईट जातीचा. औषध लगेच सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ताप उतरलासुद्धा. त्याची आई कॉटच्या पायथ्याशी बसलेली. मला म्हणाली, "ताप गेला की वो सिस्टर. आता घरी सोडत्याल न्हवं?" मी कॉटखाली वाकून लघवीचं मापाचं भांडं ओढलं. कोरडं ठणठणीत.

"लघवी कुठं केलीस रे?"

"बाथरूमला जाऊन आलो, मॅडम."

"भांड्यात कर म्हणून सांगितलं होतं ना? किती झाली?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. "झाली थोडी."

"आवं, लाजतंय त्ये," आई पदराआडून म्हणाली.

मला इतका राग आला, आबा. बंदूक घेऊन सीमेवर उभा राहणारा गडी, आणि भांड्याला लाजतो! मी त्याला म्हटलं, आजपासून एक थेंब बाहेर गेला तर माझ्याशी गाठ आहे. दुपारपर्यंत भांड्यात जेमतेम चहाच्या कपाएवढी लघवी जमली. रंगही तसाच, उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखा.

क्रिएटिनिन हा शब्द तुम्ही कधी ऐकला नसेल. मूत्रपिंडांनी रक्तातून जो कचरा बाहेर टाकायचा, त्यातलाच तो एक. मूत्रपिंडं दमली की तो साचतो आणि रिपोर्टातला आकडा चढतो. दुपारी राउंडला आलेल्या तरुण डॉक्टरने रिपोर्ट पाहिला आणि म्हणाला, "एक पॉइंट एक. नॉर्मल आहे. ताप नाही, रक्तातले जंतू कमी झालेत. उद्या घरी सोडू, सिस्टर, मला बेड पाहिजे."

"सर, काल शून्य पॉइंट सात होतं. एका दिवसात दीडपट झालंय. लघवी बघा."

"अहो, दोन्ही आकडे नॉर्मलमध्येच आहेत. पाणी कमी प्यायला असेल."

आणि चार्टवर अंगदुखीचं ते इंजेक्शन दिवसातून दोनदा चालूच. आधीच कण्हणाऱ्या मूत्रपिंडाच्या छातीवर बसणारं इंजेक्शन. 'पाणी कमी प्यायला असेल' हे शब्द ऐकले आणि माझं भान सुटलं. मी फाइल आपटली. काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "याच्या आईला तुम्ही सांगा मग, चौथ्या दिवशी मूत्रपिंडं बंद पडली की. मी नाही सांगणार."

गोंगाट ऐकून मोठे डॉक्टर आले. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी धरले, इंजेक्शनावर काट मारली आणि दर तासाला लघवी मोजून लिहायला सांगितलं. सलाईनही मोजूनमापून. दुसऱ्या दिवशी आकडा दोन पॉइंट तीन. तिसऱ्या दिवशी तीनच्या वर. त्या पोराला आम्ही घरी सोडलं असतं तर तो आकडा घरात, वाकळेखाली चढत राहिला असता आणि कुणाला कळलंही नसतं. पाचव्या दिवशी आकडा थांबला, मग उतरायला लागला. डायलिसिसची पाळी आली नाही. काल तो स्वतःच्या पायांनी चालत घरी गेला. जाताना त्याच्या आईनं माझा हात धरला. तो तरुण डॉक्टर अजून माझ्याशी बोलत नाही. नाही तर नाही. आता राउंडला आला की आधी भांड्याचा कागद मागतो, मला तेवढं पुरे.

तुम्हाला वाटेल, पोरगा वाचला, मग राग कसला? राग त्या डॉक्टरवर नव्हताच, आबा. तो कोवळा आहे, शिकेल. मला राग येतो तो तुमचा. इतकी वर्षं झाली, तो उतरत नाही.

तुम्ही आरोग्य सेवक होता. खाकी पिशवीत काचपट्ट्या, सुया, स्पिरिटचा बोळा, आणि सायकल. वाळवा तालुक्यातल्या कितीतरी घरांच्या उंबऱ्यात तुम्ही उभे राहिलात. "ताप हाय का कुणाला?" हा तुमचा पुकारा. सुट्टीत मी तुमच्या मागं कॅरिअरवर बसून येत असे. बायका पोरांना दडवायच्या, म्हातारे शिव्या द्यायचे, आणि तुम्ही न रागावता बोटाला सुई टोचून काचपट्टीवर थेंब घ्यायचा. दाराच्या बाजूला भिंतीवर तारीख लिहायचा. मला नर्सिंगला प्रवेश मिळाला त्या दिवशी तुम्ही सांगलीतून सेकंदकाट्याचं घड्याळ आणलंत. म्हणालात, "नाडी मोजाय लागंल. अंदाजानं काय सांगू नगंस कुणाला." लोकांना मोजायला शिकवणारा माणूस तुम्ही.

मी दुसऱ्या वर्षाला असताना तुम्हाला महिनाभर गडचिरोलीच्या ड्युटीवर पाठवलं. आलात ते ताप घेऊनच. स्वतःची काचपट्टी स्वतःच काढलीत, तपासून घेतलीत, गोळ्या सुरू केल्यात. मी हॉस्टेलवरून घरी आले तेव्हा ताप उतरला होता आणि तुम्ही भिंतीला टेकून हसत होता. दुसऱ्या काचपट्टीत जंतू नव्हते. "निगेटिव्ह! मलेरियाच्या माणसाला मलेरिया काय करतोय?" म्हणालात. अंग ठणकत होतं म्हणून तुमचे मित्र कंपाउंडर रोज येऊन इंजेक्शन देऊन जात होते. प्रेमाने देत होते, बिचारे.

स्वयंपाकघरात आई पेज ढवळत होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाली, "कालच्यानं मोरीकडं एकदाच गेल्यात. मला सांगत न्हाईत. तू शिकलेली हाईस, तू इचार." चुलीपाशी बसलेली अडाणी बाई, पण तिनं मोजलं होतं. तुमच्या साहेबांनी मोजलं नाही, कंपाउंडरने नाही. तुमच्या खात्याच्या रजिस्टरात काचपट्टीचा नंबर होता, गावाचं नाव होतं, गोळ्या किती दिल्या तेही होतं. माणसाला लघवी किती झाली यासाठी रकाना नव्हता. ताप गेला की माणूस बरा, असं त्या कागदांचं म्हणणं. त्या कागदांचाही मला राग येतो.

मी बाहेर येते. तुम्ही खाटेवर पडलेले, पावलं जराशी सुजलेली. मी विचारते, "आबा, लघवी होतीया का नीट? किती झाली?" तुम्ही एकदम उठून बसता. तुमचे ते डोळे मला अजून दिसतात.

"बापाला असलं इचारतीस? शिकाय धाडली ती ह्येच शिकलीस व्हय? जा आत."

मी आत गेले.

तिसऱ्या दिवशी तुम्हाला उचकी लागली ती थांबेना. ओकाऱ्या सुरू झाल्या. जीप करून सांगलीला आणलं तेव्हा पावलांची सूज गुडघ्यांपर्यंत चढली होती. माझ्याच कॉलेजच्या दवाखान्यात, माझ्याच सरांनी मला रिपोर्ट दाखवला. नऊ पॉइंट चार. आणखी दोन दिवस आधी आणायला हवं होतं, एवढंच ते बोलले. दोनदा डायलिसिस झालं, तिसऱ्यापर्यंत तुम्ही थांबला नाहीत. शोकसभेत साहेब म्हणाले, मलेरियाशी लढताना गेले. खोटं! मलेरिया तर तुम्ही हरवला होता. तुम्ही गेलात ते लाजेनं, आबा. हजारो परक्या माणसांचं रक्त मागताना तुम्ही लाजला नाहीत, आणि पोटच्या पोरीला एक साधं उत्तर देताना लाजलात. त्या उत्तराला दोन दिवसांची किंमत होती. आई अजून विचारते, "आपलं कुटं चुकलं गं?" मी म्हणते, कुठं नाही. दुसरं काय सांगू तिला?

हे पत्र मी आईला वाचून दाखवणार नाही. घडी करून कपाटात ठेवीन, नाहीतर फाडून टाकीन. पण कधीच कुणाला न सांगितलेली एक गोष्ट लिहून टाकते. त्या दिवशी तुम्ही ओरडलात आणि मी आत आले, तेव्हा मला रडू आलं नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं होतं. पुन्हा विचारायला लागणार नाही, म्हणून.