ताट गेलं कुंपणापलीकडे

३ फेब्रुवारी
वही, माफ कर. नाताळपासून तुला हात लावला नाही. चष्म्याची काडी मोडली होती, आणि घरात पाच वर्षांची एक महाराणी येऊन बसली आहे. नात, दार्लेनी. तिची आई, माझी केनिया, न्यूयॉर्कला असते. ईस्टरला येणार. पोरगी अशीच काटकुळी दिसली तर तिला सांतियागो शहरात, बापाच्या आईकडे ठेवीन म्हणते. त्या बाईला साधा भात लावता येत नाही! अख्ख्या बानी गावात माझ्या हाताला चव आहे. आठवड्यात गाल आणतो.

५ फेब्रुवारी
भात, लाल घेवडा, कोंबडीचा रस्सा. पोरगी म्हणते, घेवड्याला साल आहे. शेजारी बसून एकेका घासाचे फायदे समजावले. ताट थंड झालं. उद्या जास्त बोललं पाहिजे.

८ फेब्रुवारी, दुपार
नवा नियम: ताट संपल्याशिवाय उठायचं नाही. समोर बसून राहिलो. डुलकी लागली. उठून बघतो तर ताट स्वच्छ! नियम लागू पडला. मांजर मात्र उगाच लठ्ठ होत चाललंय.

१२ फेब्रुवारी
रीतीप्रमाणे शेजारच्या तोमासिनाला झाकलेलं ताट पाठवलं. दार्लेनी घेऊन गेली, फार उशिरा आली. ताट रिकामं परत करायचं नसतं म्हणून तिकडून उकडलेली हिरवी केळी आली. मीठ नाही, काही नाही. ही बाई जन्मभर नुसतं पाणी उकळत आली.

२० फेब्रुवारी
पोरीला गाल आले! घरी काही खात नाही, पण माझा उपदेश अंगी लागतो. रोज ताट न्यायचा हट्ट धरते. सेवाभाव माझ्याकडून आला.

२७ फेब्रुवारी
कुंपणावरून डोकावलो. तोमासिनाच्या पायरीवर दार्लेनी माझंच ताट चाटूनपुसून खात होती. घेवडा सालीसकट. भाताची खरवड कुडुमकुडुम फोडत होती. पोरीला काय शिकवलंत म्हणून मी ओरडलो. तोमासिना जागची हललीसुद्धा नाही.
"अहो शेजारी, जेवण तुमचंच आहे. फक्त समोर तुम्ही नाही."
पोरगी म्हणाली, "इथं कुणी तोंडाकडे बघत नाही, आजोबा."
उद्धट. पण भात माझा, म्हणजे जिंकलो मीच.

४ मार्च
केनियाचा फोन. फोटो बघून खूश. सांतियागो रद्द. मात्र पोरीनं तिला सगळं सांगितलंय: ताट माझं, पण जेवण यापुढे तोमासिनाकडे, आणि त्या वेळी मी कुंपणापाशी फिरकायचं नाही. कबूल केलं. मन मोठं आहे माझं.

५ मार्च
एकटाच बसलो. घास फिरतो तोंडात. घेवड्याला खरंच साल आहे. माझं ताट मांजराला दिलं.
तिकडे पाठवलेलं ताट अजून परत आलेलं नाही. पोरी, कुंपणाकडे पाठ करून बसलोय, बघत नाहीये. मीठ बरोबर होतं का, तेवढा निरोप धाड. लवकर धाड.