दोन फोल्डरांतले कागद

कलबुर्गी
रविवार, ११ ऑगस्ट

प्रिय निलम्मा,

फोनवर तू येत नाहीस म्हणून कागदावर लिहितेय. निंबर्ग्याचा पत्ता मला तुझ्या जुन्या कॉलेजच्या फॉर्मवर सापडला. अप्पांचं नाव वर घातलंय, शिवय्या म्हटलं की पोस्टमन बरोबर आणून देईल. अक्षर वाईट आहे माझं, तुला माहीत आहे. भालकीला खोलीवर असताना माझ्या वह्या तूच उतरवून घ्यायचीस आणि माझं अक्षर वाचता येईना म्हणून मधेच मला हाक मारायचीस. मराठी शाळेत मी शिकले आणि तू आळंदकडची, घरात अर्धं कन्नड बोलणारी, तरी मराठी तुझंच चांगलं. सोलापूरच्या मावशीनं घासून घेतलं होतं तुझ्याकडून.

इकडं सगळं बरं चाललंय असं लिहिणार होते. तसं बरंच आहे. मंठाळला आमच्या दादांची, गुंडेरावांची, तब्येत ठीक आहे. तूर पेरून झाली. माय अजून विचारते, तुझी ती मैत्रीण कामून येईना झाली गं. मी म्हणते, तिला घरी काम आहे. माय मानत नाही. मागच्या वेळी तू आलीस तेव्हा तिच्याबरोबर बसून तू कडक भाकऱ्या थापल्या होत्यास, आणि तुझी भाकरी तिच्यापेक्षा पातळ झाली म्हणून ती दोन दिवस गल्लीत सांगत होती. ऑफिसात तुझ्या खुर्चीवर अजून कुणी बसलेलं नाही. महेशकुमार सर म्हणतात, बघू. तुझ्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय.

तुला वसतिगृहाच्या कामाबद्दल सांगायचं आहे. तू त्यातली निम्मी गोष्ट जाणतेस, उरलेली निम्मी जाणत नाहीस. कुठून सुरू करू तेच कळेना, म्हणून पहिल्यापासून सांगते. कदाचित तसं सांगताना मलाही उमजेल.

मुलींनी घरबसल्या फॉर्म भरायचा, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्याचा फोटो काढून चढवायचा, आणि वसतिगृहातच ट्रस्टचं ऑफिस आहे तिथल्या मशीनवर ते साठवायचे, एवढंच काम होतं. प्रोग्राम मी लिहिला. तो तिथं नेऊन बसवणं, चालता ठेवणं तुझ्याकडं. माझ्या लॅपटॉपवर कधीच काही बिघडलं नाही. शंभर वेळा कागद चढवले, शंभर वेळा दिसले. तिथं बसवल्यावर मात्र दहाएक दिवसांत तू मला म्हणालीस, पंचशीला, काही पोरींचे कागद कधी दिसायलेत, कधी दिसंनात. मी म्हटलं, नेट स्लो असेल, पान पुन्हा उघडून बघ. तू म्हणालीस, उघडलं. मी म्हटलं, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघ. मग एक दिवस चहाच्या गाड्यावर तू मला विचारलंस, "हे फोल्डर तुझा प्रोग्राम कुठून धरायलाय गं?" मी म्हटलं, "जिथं प्रोग्राम आहे तिथून. दुसरं कुठून धरंल?" तू मान हलवलीस. तुझं समाधान झालं नव्हतं. मला ते दिसलं होतं, आणि मी विषय बदलला होता.

मे महिन्यात किती वेळा लाइट गेली आठवतंय ना. वारं सुटलं की गेली. त्या मशीनची बॅटरी दहा मिनिटं टिकायची. तू स्कूटर काढून जायचीस, काय अडलंय बघायचीस, प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करून यायचीस. त्यात दहा जूनला मशीनची जागा भरली म्हणून प्रोग्राम आपोआप लिहून ठेवतो त्या जुन्या नोंदी तू पुसल्यास. मला विचारून पुसल्यास. मीच म्हटलं होतं, पूस, त्याचं काही काम नाही.

मग चोवीस जूनला यादी लागली. त्रेचाळीस मुलींच्या नावापुढं छापून आलं, कागद जोडलेले नाहीत. त्यात आमच्या मंठाळची मंगल होती, संघपाल काकांची. तिचा फॉर्म तर तूच भरून दिला होतास, बसस्टँडच्या बाकावर बसून, दाखला मांडीवर सरळ करून तूच फोटो काढला होतास. तिला खोली मिळाली नाही, पण कॉलेज सुरू झालं होतं. दोन आठवडे ती मंठाळहून रोज बसनं येऊन जाऊन करत होती. येताना अडीच तास, जाताना अडीच तास. मला एकदा बसस्टँडवर भेटली. तिनं एवढंच विचारलं, "अक्का, माझा कागद मी चढवलता ना? तुमी बघितलता ना?" मी म्हटलं, व्हय, बघितला होता. मग गेला कुठं, हे ती विचारू शकली असती. तिनं विचारलं नाही.

सव्वीसला सरांनी आपल्याला दोघींना आत बोलावलं. ट्रस्टवाल्यांनी त्यांना फार बोल लावले होते. तू आत होतीस, त्यामुळं काय झालं ते तुला माहीत आहे. सरांनी विचारलं, मशीनवर शेवटी हात कुणी लावला. मी म्हटलं, दहा तारखेला निलम्मानं साफसफाई केली होती. निलम्मा, ते वाक्य मी मनात किती वेळा म्हणून बघितलं आहे. त्यात एक शब्द खोटा नाही. मीच पूस म्हटलं होतं, एवढंच मी पुढं बोलले नाही. तूही बोलली नाहीस. तू माझ्याकडं बघितलंस आणि सरांना म्हणालीस, "मी फक्त जुन्या नोंदी पुसल्या, सर, मुलींचे कागद न्हाई." सर म्हणाले, मग कागद काय पाय फुटून गेले? शनिवारपर्यंत काम आवर, आणि आता त्या मशीनला हात लावू नकोस.

तू तेव्हा माझं नाव का घेतलं नाहीस, हे मला अजून कळलेलं नाही. या ऑफिसात मला तूच आणलंस. सरांना माझं नाव तू सुचवलंस, तेव्हा मला दोन ठिकाणी नकार मिळाला होता. कदाचित तुला वाटलं असेल, मी स्वतःच सांगेन.

मग जुलैच्या एक तारखेला मी वसतिगृहात गेले. तिथल्या बसम्माक्का, वॉर्डन, दारातच भेटल्या. मी मशीनपुढं बसले तर त्या मागं येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी क्लार्कला दोनदा सांगितले बघ. लाइट जाऊन आली की काही पोरींचे कागद जातेत. निलम्मा येऊन गेली की ते परत येतेत, मग दुसऱ्या पोरींचे जातेत. कुणी ऐकंना." मी हसले आधी. वाटलं, म्हातारं माणूस, काहीतरी जोडायलंय. मग हसू थांबलं.

काय झालं होतं ते आता नीट लिहिते, कारण ते नीट लिहिलेलं असणं गरजेचं आहे. प्रोग्राममध्ये मी फोल्डरचं नुसतं नाव लिहिलं होतं, 'कागद'. ते फोल्डर मशीनवर नेमकं कुठं आहे, त्याचा पूर्ण पत्ता लिहिला नव्हता. माझी समजूत होती की प्रोग्राम जिथं ठेवलाय तिथलंच फोल्डर तो घेईल. तसं नसतं. प्रोग्राम ज्या जागेवरून सुरू केला जातो, तिथून तो फोल्डर शोधतो. मी लॅपटॉपवर नेहमी त्याच्याच जागेवरून सुरू करायची, म्हणून मला कधी चूक दिसली नाही. तूही हातानं सुरू करताना आधी प्रोग्रामच्या जागी जायचीस आणि मग सुरू करायचीस. पण लाइट येऊन मशीन आपणहून उठलं की ते सगळ्यात वरच्या, मुळाच्या जागेवरून प्रोग्राम सुरू करायचं. तिथं 'कागद' नावाचं फोल्डर नव्हतं, तर त्यानं नवं तयार केलं. म्हणजे एकाच नावाची दोन फोल्डरं. लाइट आल्यानंतर चढवलेले कागद एकात, तू येऊन गेल्यावर चढवलेले दुसऱ्यात. एक दिसत असलं की दुसरं दिसायचं नाही. यादी छापली त्या सकाळी लाइट जाऊन आली होती. त्रेचाळीस मुलींचे कागद तुझ्या बाजूच्या फोल्डरात होते. एकही पुसला गेला नव्हता. मंगलचा दाखला मी उघडून बघितला. कडेला तुझा अंगठा आला आहे.

त्या दिवशी दुपारी मी दोन्ही फोल्डरं एक केली, प्रोग्राममध्ये पूर्ण पत्ता लिहिला, मशीन तीन वेळा बंद-चालू करून बघितलं. सगळे कागद जागेवर. सरांना फोन केला, सापडले. सर इतके खूश झाले की त्यांनी ऑफिसात पेढे आणले. दुसरी यादी आठ जुलैला लागली, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मुली आत आल्या. मंगल आता तिथंच राहते, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशी. पेढा हातात देताना सर म्हणाले, "बघ, निलम्मा गेली आणि दोन दिवसांत सगळं जागेवर आलं." ऑफिसात सगळ्यांनी ऐकलं. मी पेढा खाल्ला.

यापुढचं मला सुचत नव्हतं, म्हणून दुपारी लिहायची थांबले होते. आता संध्याकाळ झालीय. परवा, शुक्रवारी, सोलापूरहून सरांना फोन आला. तू तिथं मुलाखत दिलीस हे मला त्यावरूनच कळलं. मी समोरच बसले होते. सर म्हणाले, "मुलगी हुशार आहे, काम करते, पण तिच्या हातून लोकांचे कागद हरवतात." मग तिकडून काहीतरी बोलले आणि सर म्हणाले, बरोबर आहे तुमचं, जोखीम कशाला. फोन ठेवून ते पुन्हा कामाला लागले. त्यांच्या दृष्टीनं ते खरंच बोलले होते. मी पाणी प्यायला उठले आणि घागरीपाशी किती वेळ उभी राहिले ते आठवत नाही.

आता ऐक. वर मी एक जुलै लिहिलं आहे, ते खोटं आहे. एक जुलैला मी दुरुस्त केलं. बसम्माक्कांशी बोलणं झालं, ती दोन फोल्डरं दिसली, मंगलचा दाखला उघडला, तो दिवस सत्तावीस जूनचा होता, गुरुवार. तू अजून ऑफिसात होतीस. शुक्रवारी तू माझ्या शेजारी बसून तुझ्या कामाची टिपणं लिहीत होतीस, मला सोपं जावं म्हणून. शनिवारी तू डबा उघडून शेंगाचटणी माझ्या भाकरीवर वाढलीस, छत्री आणि तुझा चहाचा मग पिशवीत घातलास आणि म्हणालीस, तू तरी सांभाळून राहा गं. मला तेव्हा दोन दिवसांपासून सगळं माहीत होतं. तू रिक्षात बसेपर्यंत मी काही बोलले नाही, आणि मग दोन दिवसांनी सापडल्यासारखं केलं. का, ते मला सांगता येत नाही. नोकरी जाईल म्हणून भ्याले म्हणावं, तर एवढीच भीती नव्हती. पूर्ण पत्ता लिहायला हवा हे मला कुणी शिकवलं नव्हतं असं नाही, आणि तू विचारलेलं मी उडवून लावलं होतं, हे सगळ्यांसमोर यायला नको होतं, असं काहीतरी. दीड महिना विचार करतेय. अजून नीट सापडलेलं नाही.

काल सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, आता मिटलेलं कशाला उकरतेस, सोमवारी बोलू. सोमवारी काय होईल माहीत नाही. सोलापूरला ते स्वतःहून फोन करतील असं मला वाटत नाही. म्हणून हे पत्र, हातानं, तारखा घालून. फोनवर तुला सांगितलं असतं तर ते तुझ्यामाझ्यात राहिलं असतं. हे तू त्या लोकांना दाखव. चूक कुणाची, कागद कुठं होते, मला कधी कळलं, सगळं यात आहे. वसतिगृहालाही याची एक प्रत उद्या देतेय, बसम्माक्कांच्या हातात. भाकरीबिकरीचं दाखवायला तुला लाज वाटली तर ते पान काढून ठेव आणि बाकीचं दाखव. प्रत्येक पानाखाली मी पूर्ण नावानं सही केली आहे. मला उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, पण पत्र फाडू नकोस, आधी त्यांना दे.

तुझीच,
पंचशीला गुंडेराव, मंठाळ