परातीचा हिरवा काठ

जठारपेठ, अकोला
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय भावना,

तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून पोस्टानं लिहिते आहे. तू बरी असशील असं धरून चालते. मी बरी आहे. कंपनीचं काम चालू आहे. शनिवारी एका कॉलेजात मोबाइलवरची माहिती कशी तपासावी, ते शिकवते.

जुलैत आपल्या गावाच्या ग्रुपवर परातीत ओतलेल्या, अळ्या पडलेल्या तांदळाचा फोटो आला. खाली ओळ होती : 'शाळेत पोरांना हेच खाऊ घालतात.' माझ्या चुलतभावानं, कुलदीपदादानं, विचारलं, "आकांक्षा, तू तं यातली हायेस. पाहून सांग, खरा हाय का?"

चार मिनिटांत तपासलं. फेरफार नव्हता. इंटरनेटवर तो आधी कुठे आलेला नव्हता. 'फोटो खरा आहे,' एवढंच मी लिहिलं. संध्याकाळपर्यंत तो माझ्या नावासकट तालुक्याला, चांदूर बाजारपर्यंत पोचला. आठवड्यात तुझ्या आईला, पंचफुलाकाकूंना, शाळेच्या स्वयंपाकावरून थांबवलं.

खालची ओळ मी तपासली नव्हती.

परवा काकूंना भेटले. त्यांनी चहा दिला. म्हणाल्या, "पोरी, फोटू तं मीच काढला. पोतं वापस करासाठी हेडमास्तरले धाडला होता. त्यातला एक दाना शिजवला नाही. पोराईच्या आधी पयला घास माहाच असते." मग कप उचलताना म्हणाल्या, "मले एक फोन काहून नाही केला तू?"

मला फक्त फोटोबद्दल विचारलं होतं, असं मी म्हणाले.

ते खरं आहे. पण परातीचा हिरवा काठ मी पाहताक्षणी ओळखला होता. सातवीपर्यंत आपण दोघींनी त्याच परातीतली खिचडी खाल्ली. काकूंचा नंबर माझ्याकडे होता. फोन करायचा तर ग्रुपवर 'थांबा' लिहावं लागलं असतं. मला लगेच उत्तर द्यायचं होतं.

सोमवारी, बावीस तारखेला, काकूंची चौकशी आहे. सोबत माझा सही केलेला जबाब आहे : काय तपासलं, काय नाही, आणि परात ओळखली होती हेही. तोच ग्रुपवर टाकला. एकशे बारा जणांनी वाचला. दादानं लिहिलं, "आता काहून उकरून राहिली?"

मी येणार आहे. काकूंच्या शेजारी बसू की मागे, ते तू सांग.

'तुझी' हा शब्द या वेळी मी लिहिलेला नाही. तो खरा आहे की नाही, हे तूच सांगू शकतेस.

आकांक्षा