तक्त्यातली बारावी ओळ

सोमवार, ९ ऑक्टोबर

आजही साहेबांनी आल्या आल्या तेच विचारलं — "बाकीच्यांनी काय केलं?" आपल्याकडे साथीने किती आजारी, हे नंतर! देशाचा कारभार या माणसाच्या हातात, आणि रोज सकाळी तो आधी माझा तक्ता बघतो. बारा देश, बारा ओळी. कोणी सीमा बंद केल्या, कोणी उघड्या ठेवल्या.

बाहेरून सारखे फोन. तुम्हीही बंद करा, नाहीतर विमानं थांबवू, औषधं अडवू. "शेजारी उघडा आहे तोवर मी बंद करणार नाही," साहेब म्हणाले. हायसं वाटलं. चिमी तिकडेच आहे, शेजारच्या देशात, सुट्टीसाठी मावशीकडे, म्हणजे माझ्या ताईकडे. सात वर्षांची पोर माझी.

मंगळवार, १०



सकाळी घाईत तक्ता भरला. अकरा देशांपुढे 'बंद' — एकदा टाइप केलं आणि माऊसने खालपर्यंत ओढलं. एक ओळ जास्तच ओढली गेली! बाराव्या ओळीत, शेजाऱ्यापुढेही 'बंद'.

लक्षात आलं तेव्हा कागद साहेबांच्या टेबलावर. दार अर्धवट उघडं होतं. "शेजाऱ्यानेसुद्धा? मग आपणच शहाणे कशाला! सगळ्यांबरोबर चुकलो तर कोणी विचारत नाही. एकटा चुकलो तर मला उचलून फेकतील." एवढा मोठा माणूस, आणि आवाज माझ्याइतकाच घाबरलेला.

आत जाऊन सांगायला हवं होतं. पाय उचललाच नाही. नोकरी जाईल, आत टाकतील — काय काय मनात आलं. संध्याकाळी सीमा बंद करण्याचा हुकूम निघाला.

बुधवार, ११

न राहवून सेक्रेटरींना सगळं सांगितलं. रडलेच. ते चहा ढवळत राहिले.

"मला काल दुपारीच कळलं होतं. साहेबांच्याही कानावर घातलं."

"मग?"

"त्यांना निमित्त हवं होतं, बाई. मिळालं. आता तोंड बंद ठेवा."

म्हणजे दोघांनाही ठाऊक आहे! आता तर जास्तच भीती वाटते. उद्या काही बिनसलं तर खापर माझ्याच डोक्यावर फुटणार.

एक बरं आहे — आपल्या माणसांना शुक्रवारपर्यंत परत यायची मुभा आहे. ताई चिमीला सीमेवरच्या फाटकापर्यंत सोडेल, इकडून हे घेतील.

गुरुवार, १२

चिमीचा पलंग दोनदा आवरला.

शुक्रवार, १३

फाटकावरून यांचा फोन. पलीकडच्यांनी सकाळीच बंद केलं — कोणाला आत नाही, कोणाला बाहेर नाही. म्हणे, तुम्ही केलंत म्हणून आम्हाला करावं लागलं! ताई आणि चिमी समोर उभ्या दिसताहेत, म्हणाले.

मग ताईच्या फोनवरून चिमी. "आई, तू साहेबांच्याच ऑफिसात आहेस ना? मग सांग ना त्यांना!"

सांगते म्हटलं.