अख्खं परस दाखवणारा कॅमेरा

हळर्ण,
रविवार

प्रिय रुद्रेश,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला दोन मिनिटांत हसवतोस आणि मला जे बोलायचं असतं ते राहून जातं. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही, आणि बायकोच्या, श्रद्धाच्या हातात फोन देऊन सटकताही येणार नाही. तेव्हा दुकान बंद कर, बस आणि शेवटपर्यंत वाच.

गुडघा आहे तसाच आहे. मागच्या पडवीतून अंगणात उतरायला वेळ लागतो, एरवी मी बरी आहे. सकाळी पाववाला पोदेर पोंपों वाजवत आला की आंब्यावरचा दयाळ गप्प बसतो, आणि तो वळणापलीकडे गेला की पुन्हा गायला लागतो. आरोग्य केंद्रात नोकरी होती तोवर या परसात कोण येतं आणि कोण जातं याकडे मी कधी बघितलंच नव्हतं. निवृत्त झाले, डॉक्टरांनी खुर्चीत बसवलं, आणि बसल्या बसल्या मला पक्षी दिसायला लागले. लोकांना म्हातारपणी देव दिसतो, आमच्या ताईला बुलबुल दिसतात, असं तू श्रद्धाला म्हणाला होतास. मीही हसले होते तेव्हा.

कॅमेऱ्याचा विषय मीच काढला, हे खरं. शेवग्याच्या वाळक्या फांदीत तांबट भोक पाडत होता, आणि माझे डोळे आता तिथवर पोचत नाहीत. त्याचा व्हिडिओ काढला तर रात्री टीव्हीवर लावून निवांत बघता येईल, एवढाच माझा लोभ. म्हापशाच्या दुकानात आपण दोघं गेलो. तिथल्या मुलीने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक लांब नाकाचा. त्यातून समोरच्या इमारतीवरचा कावळा इतका जवळ आला की त्याच्या चोचीतला चपातीचा तुकडासुद्धा मला दिसला. डोळ्याला लावायची खिडकी त्याला होती, म्हणजे उन्हात पडदा पांढरा पडला तरी अडायचं नाही. माइकला केसाळ टोपी घातली की वाऱ्याची फरफर येत नाही, तेही तिने घालून दाखवलं. दुसरा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा, मोटारसायकलवाले डोक्यावर लावतात तसला. त्यात अख्खं दुकान दिसत होतं, पण तोच कावळा शोधावा लागत होता. पक्ष्यांसाठी पहिलाच घ्या, असं ती मुलगी स्वच्छ म्हणाली. मी तो हातात धरून उभी होते आणि तू तो माझ्या हातातून काढून घेतलास.

काय काय सांगितलंस तेव्हा. लांब नाकाचा जड आहे, तुझा हात हलेल, तिपाई घेऊन कुठे नाचणार, पावसात भिजला तर संपला. हा छोटा पाण्यात पडला तरी चालतो, आणि ताई, एकटा पक्षी कशाला, त्याचं झाड दिसू दे, विहीर दिसू दे, अख्खं परस दिसू दे. मला ते पटलं नव्हतं. पण गणपतीत, चवथीला तू तोच छोटा रंगीत कागदात गुंडाळून आणलास, सगळ्यांसमोर माझ्या हातात दिलास, आणि भावाने दिलेल्या वस्तूला कोण नावं ठेवतं? त्या छोट्या डब्यात धनेश भाताच्या दाण्याएवढा दिसतो, रुद्रेश. हळद्या तर पिकलं पान आहे की पक्षी, ते मलाच कळत नाही. तरी मी कारापूरला तुझ्याकडे एकामागून एक व्हिडिओ पाठवत राहिले.

आणि तू बघत होतास! त्याचंच मला अप्रूप वाटायचं. लहानपणी तू साध्या चिमणीकडे मान वर करून बघितलं नव्हतंस, आणि आता विचारत होतास, ताई, ओढ्याकडून काढलास का? कुंपणाच्या कडेकडेने चालत काढ ना, छान येईल. रस्त्यापासून आत येताना काढ. मी काठी टेकत टेकत, एका हातात तो डबा धरून, सगळं कुंपण चालले. बोलतही होते. इथे नाचण घरटं करतो, इथे खंड्या बसतो, इथलं पाणी मे महिन्यातही आटत नाही. रात्री गुडघ्याला शेक दिला आणि मनात म्हटलं, माझ्या भावाला उशिरा का होईना, गोडी लागली. एकाही पक्ष्याचं नाव तू पुन्हा विचारलं नाहीस, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

आता जागा राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या नारळाचं. पौषात आंब्याखालच्या त्या दगडापुढे आपल्या घरचा कर्ता पुरुष नारळ ठेवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि मागे उभं राहून बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाबांच्या मागे आपण दोघं म्हणायचो, तू घालायला लागल्यापासून मी एकटी म्हणते. या वर्षी तू मला म्हणालास, तुझा गुडघा दुखतो, तू आत बस, चहा ठेव, मी उरकून येतो. काळजी करतो पोरगा, असं मला वाटलं. चहात आलं जास्त घातलं, तुला आवडतं म्हणून.

सकाळपासून मी तो कॅमेरा विहिरीच्या कठड्यावर चालू करून ठेवला होता. आंब्याच्या पाल्यात सध्या नवरंग येतो, हिरवा, निळा, पोटाखाली लाल, आणि माणूस दिसला की लगेच पळतो. त्याच्यासाठी ठेवला होता. तुला सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी नवरंग शोधायला म्हणून मी टीव्हीवर लावलं, आणि तू दिसलास. लांब नाकाचा असता तर पाल्यापलीकडे काही आलं नसतं. तू निवडलेल्या कॅमेऱ्यात दगड आला, नारळ आला, हात जोडलेला तू आलास, आणि तुझा आवाज आला.

‘बा राखणदारा म्हाराजा, आज वर्षाचो नारळ दिलंय तो मान्य करून घे. फुडच्या वर्षी हय दुसरे येतले. तेंका तुझीच लेकरां मान. ताईचे व्हिडिओ बघूनच तेंनी घर पसंत केल्यानी. ताईक हेतला कायच ठावक नाय. तिका तरास होव देव नको.’

मी ते पुन्हा लावलं. आणि पुन्हा लावलं. देवाशी खोटं बोलायची तुझी छाती झाली नाही, हे बघून आधी मला बरंच वाटलं, असला माझा वेडेपणा. मग रडू आलं. त्यानंतर नवरंग आला की नाही, ते मी बघितलेलं नाही.

तरी वाटलं, माझी काही चूक होत असेल. म्हणून श्रद्धाला फोन केला आणि सहज म्हणावं तसं म्हटलं, काय गं, दिल्लीची माणसं का? अंदाजाने बोलले, विमानतळ झाल्यापासून आपल्या पेडण्यात दुसरं कोण घरं घेतं? तिला वाटलं, तू मला सांगितलंस. भोळेपणाने म्हणाली, तुमच्या व्हिडिओंनीच काम झालं, ताई, त्यांना तुमचा आवाज आणि पाखरांचा आवाज फार आवडला, सगळं कुंपण एका दमात दिसलं. मग मला ठाऊक नव्हतं हे तिच्या ध्यानात आलं, आणि कुकरचं निमित्त करून तिने फोन ठेवला. तिला बोलू नकोस. तिने सत्य सांगितलं, घरात कोणीतरी सांगायलाच हवं होतं.

मला फसवल्यासारखं वाटतं, असं मी लिहिणार नाही. तू मला फसवलंस. चुलत्याने हद्दीचा दगड सरकवला असता तर मी दारात उभी राहून त्याची खरडपट्टी काढली असती आणि रात्री पोटभर जेवले असते. पण तू माझी एक हौस हेरलीस, तिच्यासाठी चुकीचं अवजार मुद्दाम हातात दिलंस, आणि माझ्याच पायांनी चालवून, माझ्याच तोंडाने वर्णन करवून माझं घर विकायला काढलंस. तू आजारी असताना मी नोकरी सांभाळून तुझ्या उशाशी बसले, ते उपकार म्हणून कधी बोलले नाही, आजही बोलणार नव्हते. राग आला म्हणून बोलले. विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. तू चिडला असतास, मी त्याहून चिडले असते, काही महिने आपण तोंडही बघितलं नसतं, आणि मग चवथीला तू आला असतास. ते भांडणसुद्धा तू माझ्या वाट्याला येऊ दिलं नाहीस.

मंगळवारी पेडण्याला जायचं, घरपट्टीवर दोघांची नावं चढवायची आहेत, ताईने फक्त सही करायची, असं तू सांगितलं आहेस. म्हणून आज लिहायला बसले, उद्या सकाळच्या बसवाल्याच्या हाती धाडते. गाडी पाठवू नकोस. गोव्यात बहिणीच्या सहीशिवाय आईबापाचं घर विकता येत नाही, आणि ही बहीण सही करणार नाही. पत्रासोबत कॅमेऱ्याचं कार्ड ठेवलं आहे. त्यात पक्षी नाहीत. काल दुपारी आंब्याखाली खुर्ची टाकून मी कॅमेऱ्यासमोर बसले आणि दिल्लीच्या माणसांना माझ्या हिंदीत सांगितलं, की माझं नाव प्रभावती, या घराची अर्धी मालकीण मी, मी इथे राहते, आणि हे घर विकायला नाही. आधीचे व्हिडिओ मला न सांगता पाठवलेस, आता हा मी सांगते म्हणून पाठव. त्यांचं उत्तर आलं की मला कळव, आणि मग ये. त्याआधी नको.

लिहिताना हात अडला, तरी

तुझीच,
ताई